फळे, नग सात

येऊरच्या चौकीत टेबलावर कालचा पेपर अंथरला
आणि चैत्या वांगडच्या छपरातून निघालं ते मांडलं:
कामठा एक, दोरीविना.
बिस्किटांचा डबा एक, गंजका.
डब्यात, खोबरेलात भिजलेल्या फडक्यात गुंडाळलेली
बाणांची टोकं.

पंचनाम्यात काय लिहू?
टोक तर पेन्सिलीलाही असतं.
पाती म्हटलं तर दाढीची.
बाकावरून चैत्याच म्हणाला, कुणी न विचारता,
"फळं लिही, बाय. बाणाला फळच लागतं."
लिहिलं. लोखंडी फळे.
साहेब खांद्यावरून वाकले, हसले:
"कसली? जांभळं?"

नग मोजण्याआधी प्रकार लिहावे लागतात.
म्हणून मी एकेक उचलत गेले, तो सांगत गेला.

हे अरुंद, कण्हेरीच्या पानासारखं.
खोल जातं, पण मागे भोक मिटतं.
रक्त आतच राहतं, पाचोळ्यावर थेंब नाही.
भेकर अशानं दोन डोंगर ओलांडून मरतं.
मरतं, पण आपलं होत नाही.

हे रुंद.
बारा पावलांच्या आत असेल तरच.
त्यापुढे वारा त्याला धरतो, बाण डुलत जातो
हळद लागलेल्या नवऱ्यासारखा.

हे लाकडाचं बोंड, पोरांचं. होले पाडायला.
हे उलट्या दातांचं.
"हे माझं नाही. सासऱ्याचं. कधी लावलं नाही.
रागात ठोकलेलं लोखंड आहे ते."

मग निवडायचं कसं, मी विचारलं.
रकान्यात हा प्रश्न नव्हता.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
खाली टर्फवरचे दिवे लागले होते,
इतके पांढरे की चितळांना रात्र कळत नाही
(हे आम्हीच दर वर्षी अहवालात लिहितो).
त्याच्यापलीकडे घोडबंदरचे टॉवर, मजल्यांवर मजले.

"आपण चुकणार, असं धरून निवडायचं," तो म्हणाला.
"नेम बसला तर कुठलंही फळ चांगलं.
नेम चुकला तर त्या जिवाला किती पळावं लागेल,
तेवढंच बघायचं."

मी लोहाराची पोर, मुरबाडची.
रुंद फळाची धार नखावर आडवी धरली.
अजून चावते.
पाणी बेतानं दिलेलं, ना ठिसूळ, ना मऊ.
बापानं असं कधी उलटून पाहिलं असतं
आणि काही न बोलता परत ठेवलं असतं.

"पाट्याचं लोखंड," मी म्हणाले.
"जीपच्या," तो म्हणाला. "तुमच्याच खात्याच्या.
पाटोणपाड्याच्या उतारावर तुटला, तिथंच टाकून गेले."
साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली:
हे लिहायचं नाही.
लिहिलं नाही.

अरुंद तीन. रुंद दोन. बोंड एक. दाताचं एक.
एकूण नग सात.
वाचून दाखवलं, शाईचा पॅड पुढे सरकवला.

त्यानं अंगठा मागे घेतला.
"आठ लिही."

डब्यात पुन्हा बघितलं. फडकं झटकलं.

"आठवं सांबराच्या खांद्यात आहे.
अंतर वीस पावलं, आणि मी रुंद लावलं. घाई होती.
दोन रात्री माग काढला.
तळ्याच्या काठाशी खूर होते, पलीकडे नव्हते.
घरी आलो आणि दोरी सोडून ठेवली."

कधीची गोष्ट, विचारलं.
तो म्हणाला, तेव्हा खाली दिवे नव्हते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
जे समोर आहे तेच जप्त होतं, वांगड.

मी सातच ठेवले.
त्यानं अंगठा दाबला, मुकाट.
पुसायला मी कागद दिला, तो घेतला नाही.
शाई वाळेपर्यंत अंगठा तसाच वर धरून
दाराशी उभा राहिला,
वारा कुठून येतोय ते बघतात तसा.